नवा डाव की ओळखीचा?

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार अशा एखाद्या विषयाची असावी. आम्ही विषय दिला तो मोबाइलवर आणि संगणकावर अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांचा. श्रोत्यांपैकी काहींच्या मनात साहजिकच येईल की, युनियनच्या माणसाचा आणि या पोरखेळाचा संबंध काय? तेव्हा प्रथम तो संबंध सांगितला पाहिजे.

आमच्या युनियनची कचेरी औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी आहे. दुसरी पाळी सुटली की काही तरुण कामगार बस येईपर्यंत तेथे टेकतात. एके रात्री चौघेजण चार कोपऱ्यांत माना खाली घालून बसले होते. आम्ही वडीलकीच्या नात्याने म्हणालो, "अरे, एका खोलीत बसून एकमेकांशी बोलत का नाही?" त्यांतला एकजण मान वर न करता म्हणाला, "काका, आम्ही एकत्रच आहोत. हा पडलाय, त्याला उचलतोय." पडलेला गडी समोरच्या खुर्चीवर धडधाकट बसलेला होता! त्या रात्री आम्ही त्यांच्याशेजारी बसून तो खेळ पाहिला. आमचे शालेय शिक्षण दहावीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कचेरीतल्या बाकावर. त्याच सवयीने या खेळांचा इतिहासही आम्ही मिळेल तसा वाचून काढला. वाचता वाचता ध्यानात आले की, ज्या प्रश्नाशी आम्ही कारखान्याच्या फाटकावर आयुष्यभर झुंजत आलो, तोच प्रश्न या खेळांपुढेही उभा आहे. माणसांना नवे हवे असते की ओळखीचे?

विषयाची मर्यादा आधीच सांगून ठेवतो. पैशाचा पण लावून खेळायचे जे ऑनलाइन खेळ आहेत, त्यांचा विचार येथे केलेला नाही. तो जुगाराचा प्रश्न आहे, आणि त्यासंबंधी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदाही केला आहे. आम्ही बोलत आहोत ते माणसे माणसांच्या संगतीसाठी जे खेळ खेळतात त्यांच्याविषयी.

या खेळांचा एक विशेष प्रथम समजून घेतला पाहिजे. कादंबरी आपण एकटे वाचतो. ती अगदी विलक्षण, कोणी कधी न लिहिलेली अशी असली तरी बिघडत नाही. दुसऱ्या कोणाला ती कळली नाही म्हणून आपला आनंद अडत नाही. कबड्डीचे तसे नाही. दोन्हीकडचे सात-सात गडी मैदानावर उतरल्याखेरीज कबड्डी होतच नाही. ऑनलाइन सामुदायिक खेळ या दुसऱ्या जातीचा आहे. त्यातील मुख्य माल कंपनी पुरवीत नाही. तो खेळणारेच एकमेकांना पुरवितात. मैदान कितीही सुंदर बांधा, गडी नसतील तर ते ओसाडच.

यातून दोन ओढी निर्माण होतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. खेळ फार नवा असेल, तर तो शिकायला पुरेसे लोक थांबत नाहीत. आणि ज्याने चिकाटीने शिकून घेतला, त्यालाही जोडीदार मिळत नाहीत. उलट, खेळ अगदी जुन्यासारखाच असेल, तर माणसाने जुना सोडून यावे कशाला? जुन्या ठिकाणी त्याचे मित्र आहेत, वर्षानुवर्षे साठविलेली चीजवस्तू आहे, चार लोकांत नाव आहे. चाळीतली खोली सोडून कोणी हुबेहूब तशाच खोलीत राहायला जात नाही. म्हणजे नव्या खेळाला, शिकता येईल इतके ओळखीचे असावे लागते आणि जुने सोडवेल इतके वेगळेही असावे लागते. ही तारेवरची कसरत ज्यांना साधली, त्यांची काही उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण आपल्या घरातले घेऊ. सारीपाट आणि पचिसी हे आपले जुने खेळ. त्याच कुळातील लुडोचे पेटंट १८९६ साली इंग्लंडमध्ये घेतले गेले, आणि तो पुढे चौरस पुठ्ठ्यावर छापून आपल्याच घरात परत आला. नवी मुंबईतील गेमशन या कंपनीने २०१६ साली 'लूडो किंग' या नावाने तो मोबाइलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत आजी एका गावी आणि नातवंडे दुसऱ्या गावी अडकली, तेव्हा घराघरांतून या खेळाचा पट मांडला गेला. यात नवे काय होते? सोंगट्या त्याच, फासा तोच, सोंगटी मारायची मजाही तीच. नवी गोष्ट एवढीच की, खेळणाऱ्यांनी एका सतरंजीवर बसण्याची गरज उरली नाही. बाकी सारे ओळखीचे असल्यामुळेच ती एक नवी गोष्ट सत्तर वर्षांच्या आजीलाही पेलली.

आता मोठ्या उदाहरणाकडे वळू. अनेकांनी मिळून एका कल्पित जगात वावरण्याच्या खेळाचा प्रारंभ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली झाला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी तो रचला. त्यात चित्र नव्हते, केवळ शब्द होते. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आणि १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' हे खेळ आले. एव्हरक्वेस्टला एका काळी चार लाखांवर वर्गणीदार होते. पण त्या जगातले राहणे कष्टाचे होते. तुमचे पात्र मेले की कमावलेला अनुभव घटे, आणि सामानसुमान प्रेतापाशीच पडून राही. ते आणायला पुन्हा उघड्या अंगाने त्याच धोक्याच्या जागी जावे लागे. सोबती मिळाले नाहीत, तर बहुतेकांना तासन् तास नुसते ताटकळावे लागे.

२००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आणला. त्याचा सांगाडा पुष्कळसा एव्हरक्वेस्टचाच होता. त्याचे जग आणि त्यातील राक्षस-मानवांची भांडणे १९९४ पासूनच्या वॉरक्राफ्ट खेळांमुळे लोकांच्या परिचयाची होती. नवी कल्पना शोधू गेले तर फारशी हाती लागत नाही. मग त्याने केले काय? त्याने जाच काढला. मेलेले पात्र भूत होऊन धावत आपल्या देहापाशी जाई आणि उठे. कमावलेला अनुभव बुडत नसे. कोणाकडे काम मिळेल हे दुरून कळावे म्हणून त्याच्या डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह झळके. सोबती नसतील त्या दिवशी एकट्यालाही दोन घटका खेळता येई. २०१० साली या खेळाच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटी वीस लाखांवर गेली. नावीन्य म्हणजे कधीही न पाहिलेली वस्तू, अशी आपली समजूत असते. परंतु वर्षानुवर्षे सगळे निमूटपणे सोसत असलेला एखादा त्रास नाहीसा करणे, हेही नावीन्यच आहे. कारखान्यात पिण्याच्या पाण्याचा नळ लाइनच्या जवळ आणून बसविला तेव्हा कामगारांना जो आनंद झाला होता, तो आम्ही पाहिलेला आहे.

हे यश पाहून कित्येकांनी त्याची नक्कल केली. २००८ साली 'वॉरहॅमर ऑनलाइन' मोठ्या गाजावाजाने आला. लोक उत्सुकतेने गेले, पण त्यांतले बहुतेक थोड्याच महिन्यांत परतले, आणि २०१३ च्या अखेरीस तो बंद पडला. तो खेळ वाईट होता असे नाही. पण लोकांचे मित्र पहिल्या ठिकाणी होते. ओळखीचे नियम कोणालाही उचलता येतात. ओळखीची माणसे उचलून आणता येत नाहीत.

एक नवी कल्पना दोन खेळांनी दोन तऱ्हांनी मांडावी, आणि एक बुडावा, दुसरा तरावा, असेही घडले आहे. २०१५ मध्ये 'इव्हॉल्व्ह' नावाचा खेळ निघाला. त्यात चार शिकारी विरुद्ध एक अजस्र श्वापद, आणि श्वापदाचे सोंगही एका खेळाडूनेच घ्यायचे. कल्पना अपूर्व होती आणि जाणकारांनी तिचे कौतुकही केले. परंतु चार शिकाऱ्यांची चार निरनिराळी कामे होती. एकाने सापळा लावायचा, एकाने उपचार करायचे, अशी ती वाटणी. यांपैकी एकजण नवखा निघाला की सगळी शिकार रानात भटकण्यात जाई. किमतीवरूनही कुरबुरी झाल्या. पुढे तो खेळ फुकट वाटूनही सावरला नाही. २०१८ मध्ये त्याचे मुख्य सर्व्हर बंद झाले. २०१६ मध्ये 'डेड बाय डेलाइट' आला. तेथेही चार विरुद्ध एकच. पण तेथे एक मारेकरी शोधतो आणि चौघे लपतछपत जनित्रे दुरुस्त करून पळ काढतात. हा तर लपंडाव झाला! एकावर राज्य आणि बाकीचे लपलेले; हे जगातल्या कोणत्या पोराला समजावून द्यावे लागते? त्यातच प्रसिद्ध भयपटांतील मारेकरी त्यांनी आणून बसविले. तो खेळ दहा वर्षांनंतरही चालू आहे. कारणे आणखीही असतील. पण नवी कल्पना जुन्या अंगरख्यात आली की दाराशी अडवली जात नाही, एवढे यातून दिसते.

आमच्या कचेरीतल्या चौघांचा खेळ, ज्याला मुले पब्जी म्हणतात, त्याचीही हकीकत अशीच. ब्रेंडन ग्रीन हा आयर्लंडचा गृहस्थ दुसऱ्यांच्या खेळात हौसेने फेरफार करीत असे. त्यातून २०१७ च्या मार्चमध्ये हा खेळ निघाला. शंभर माणसे हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. बंदुका जुन्या, बेट जुने, छत्रीही जुनी. शेवटपर्यंत टिकण्याची कल्पना जपानी कादंबरीतून आणि चित्रपटातून लोकांनी पाहिलेली. खेळाला जोर आणणारी गोष्ट एकच: सतत लहान होत जाणारे वर्तुळ, जे दडून बसलेल्यालाही उठून पुढे यायला लावते. २०१८ च्या जानेवारीत संगणकावर हा खेळ एकाच वेळी खेळणाऱ्यांची संख्या बत्तीस लाखांवर गेली होती. भारत सरकारने २०२० च्या सप्टेंबरात त्याच्या मोबाइलवरील आवृत्तीवर बंदी घातली. पुढल्या जुलैत तो नाव बदलून आला, आणि पोरे जशी काल उठून गेली होती तशी आज येऊन बसली. २०२२ मध्ये तोही काढून टाकण्यात आला. २०२३ मध्ये परत आला. पोरेही परत आली. मधल्या काळात दुसरे खेळ नव्हते काय? होते. पण चौघांची टोळी जेथे जमली होती, तेथेच ती पुन्हा जमली.

येथवर आपण नव्या खेळाच्या जन्माविषयी बोललो. आमच्या दृष्टीने खरा कसोटीचा प्रश्न पुढचा आहे. चालू असलेल्या खेळात, जेथे माणसे वर्षानुवर्षे नांदत आहेत तेथे, बदल करायचा तो कसा?

'स्टार वॉर्स गॅलक्सीज' हा खेळ २००३ साली सुरू झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात प्रत्येकाला लढवय्या व्हावे लागत नसे. तीसहून अधिक धंदे होते. कोणी शिंपी, कोणी आचारी, कोणी नर्तक, कोणी रानटी जनावरे माणसाळवून पाळणारा. लढणाऱ्याचे कपडे शिंप्याने शिवायचे, दमलेल्याने नर्तकापुढे जाऊन विसावायचे, असे ते बारा बलुत्यांचे गाव होते. परंतु वॉरक्राफ्टला लाखांनी लोक मिळत आहेत हे पाहून चालकांना वाटले की, आपला खेळ अवघड आहे, तो सोपा आणि वेगवान केला पाहिजे. २००५ च्या नोव्हेंबरात त्यांनी एका फटक्यात तीसांहून अधिक धंद्यांचे नऊ केले आणि लढण्याची सारी रीतच बदलली. जनावरे पाळणाऱ्याचा धंदा तर मुळातच रद्द! आधीच्या रीतीला धरून केलेला एक विस्तार जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी लोकांना विकलेला होता. जुने रहिवासी थव्याने निघून गेले. ज्यांच्यासाठी सोपेपणा आणला ते नवे लोक काही आले नाहीत. २०११ च्या डिसेंबरात तो खेळ मिटला.

हे वाचताना आम्हांला आमच्या वसाहतीतल्या एका कारखान्याची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत व्यवस्थापनाने तेथील सबंध लाइन उखडून नवी बसविली. यंत्रे चांगली होती. पण सुटीवरून परतलेल्या माणसाला आपली जागा सापडेना. वीस वर्षे शेजारी उभा राहिलेला जोडीदार दुसऱ्या टोकाला गेलेला. डोळे मिटून पाना उचलणारे हात चाचपडू लागले. उत्पादन घसरले, आणि कामगार मुद्दाम काम मंद करतात असा ठपका आला. तेव्हा आमच्याकडूनही एक चूक झाली. पहिल्याच फाटकसभेत आम्ही घोषणा दिली, "जुनी यंत्रे परत आणा!" टाळ्या पडल्या, पण सहा महिने भांडण चालले आणि त्या काळात आमचे अकरा जुने सभासद कंटाळून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. त्यांतले एकजण पुढे बाजारात भेटले. म्हणाले, "भाऊ, यंत्र काही वाईट नव्हतं हो. चार दिवस आधी विचारलं असतं, तर मीच पोरांना शिकवलं असतं." आमची घोषणा चुकीची होती हे आम्हांला त्या दिवशी भाजीच्या पिशव्या हातात घेऊन उभे असताना कळले. अखेर तडजोड झाली ती साधी होती. यंत्रे नवीच राहिली, जोड्या जुन्या ठेवल्या, आणि पुढचा बदल लाइनवरच्या माणसांशी बोलून करायचा ठरला. घरी गेलेले अकराजण मात्र परत आले नाहीत.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. इंग्लंडमधील गॉवर बंधूंनी २००१ साली 'रूनस्केप' हा खेळ सुरू केला. २०१२ च्या नोव्हेंबरात चालकांनी त्यातील लढण्याची पद्धत आमूलाग्र बदलली, आणि येथेही लोक रागावून निघून जाऊ लागले. पण चालकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांच्या संग्रही २००७ च्या ऑगस्टमधील खेळाची जुनी प्रत शिल्लक होती. ती पुन्हा सुरू करावी काय, असा प्रश्न त्यांनी २०१३ च्या फेब्रुवारीत खेळाडूंनाच मतदानाने विचारला. साडेचार लाखांच्या आसपास मते पडली, आणि त्याच महिन्यात तो जुना खेळ 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या नावाने उघडला.

येथे कोणी म्हणेल, झाले, ओळखीचेच जिंकले! पण पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. जुने परत मिळालेल्या त्याच लोकांना थोड्याच दिवसांत नवे हवेसे वाटू लागले. तेव्हा नियम असा ठरला की, महत्त्वाची प्रत्येक नवी गोष्ट मताला टाकायची आणि शेकडा ७५ मते मिळाली तरच ती आणायची. ही अट पुढे शेकडा ७० वर आली. या रीतीने नव्या भूमी आल्या, नवे शत्रू आले, नवी मोहीम आली. काही प्रस्ताव पडलेही. एक सबंध नवे कौशल्य २०१९ मध्ये मतदानात नापास झाले. नौकानयनाचे कौशल्य २०१५ मध्ये नाकारले गेले होते. २०२३ मध्ये त्याच लोकांनी ते निवडले आणि २०२५ मध्ये ते प्रत्यक्षात आले. म्हणजे जुन्याचे कट्टर अभिमानी म्हणून ज्यांची थट्टा होत होती, त्यांनीच वर्षानुवर्षे नव्याच्या बाजूने हात वर केले. त्यांचा विरोध होता तो आपल्याला न विचारता आलेल्या नव्याला. वॉरक्राफ्टच्या बाबतीतही असेच झाले. खेळाडूंनी खासगीपणे चालविलेले जुन्या खेळाचे एक ठिकाण २०१६ मध्ये बंद करविण्यात आले, तेव्हा दोन लाखांवर सह्यांचे निवेदन कंपनीकडे गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने स्वतःच जुना खेळ पुन्हा उघडला.

तेव्हा मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. नव्या खेळाने एखाद्याच ठिकाणी नवे असावे आणि बाकी सर्वत्र ओळखीचे. आणि ते एक ठिकाण शक्यतो लोकांना जेथे बोचते आहे तेथले असावे. पण एकदा माणसे येऊन नांदू लागली की सगळ्यांत मोलाची ओळख म्हणजे एकमेकांची ओळख. ती शाबूत ठेवून, त्यांना विचारून, वाटेल तेवढे नवे करता येते. ती मोडून केलेली साधी सुधारणाही महागात पडते.

या उत्तरात एक उणीव आहे आणि ती आम्ही लपवू इच्छीत नाही. मत असते ते आत असलेल्याला. जो अजून आलेला नाही, त्याला कोण विचारणार? जुन्या खेळाडूंनी आपल्या सोयीचे नियम करून ठेवले, तर नवख्याला पायरीही चढता यायची नाही. हा दोष आम्हांला परका नाही. आमच्याच युनियनने कित्येक वर्षे कायम कामगारांच्या मतांवर करार केले, आणि शेजारी तेच काम करणाऱ्या कंत्राटी पोरांना सभेत बसायलाही जागा दिली नाही. मतदान हे औषध आहे. पण मतदारयादी कोणाची, हेही पाहावे लागते. त्याचप्रमाणे खेळ घडविणाऱ्यांचेही म्हणणे असते. २०२४ च्या जुलैत वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घडविणाऱ्या पाचशेहून अधिक कामगारांनी अमेरिकेत आपली युनियन केली, ही बातमी वाचून आम्हांला बरे वाटले. काय ठेवावे आणि काय बदलावे हे हाताने काम करणाऱ्याला पुष्कळदा आधी कळते.

परवा रात्री ते चौघे पुन्हा कचेरीत बसले होते. आम्ही विचारले, "नवा एखादा खेळ का नाही रे घेत?" एकजण म्हणाला, "घेऊ की काका, पण चौघांनी ठरवून." त्यांच्यापैकी दोघे कंत्राटी आहेत. येत्या रविवारच्या सभेला त्यांनाही बोलावले आहे; ते आले, तर लाइनवरच्या नव्या वेळापत्रकाबद्दल त्यांचे म्हणणे आम्ही प्रथम ऐकून घेणार आहोत. इतके सांगून हे विवेचन येथेच पुरे करतो.